दक्षिणेकडचे चार फोकस

२७ मार्च २०१६, रविवार

चार! चार फोकस लावले त्या माणसानं! गच्चीच्या कठड्यावर ओळीनं, आणि चारही आमच्या मागच्या अंगणाकडं तोंड करून. रात्री नऊला मागचं दार उघडलं तर वाटलं, आपल्यालाच पिंजऱ्यात उभं केलंय जबानीला. भिंतीवर तुळशीची सावली पडली होती. रात्री नऊला!

पद्मजा म्हणाली, "बरं झालं. मागं जाताना आता बॅटरी लागणार नाही."

ही माझी बायको. पस्तीस वर्षं झाली.

प्रतिवादीचं नाव सर्जेराव. मूळचे शेंद्र्याचे. जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, मोबदला आला, आणि आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटपलीकडं त्यांचा बंगला उभा राहिला. माणूस वाईट नाही, दिवाळीला फराळ पाठवतो. पण बंगला बांधायला दिशा काय कमी होत्या? पूर्व होती, पश्चिम होती. नेमकी दक्षिण! मला हवी असलेली एकुलती एक दिशा!

एक्याण्णव साली या कॉलनीत घर बांधलं तेव्हा मागं बाजरी होती. मुकुंदवाडी स्टेशनावर गाडी आली की इथून तिच्या खिडक्या दिसायच्या, एवढा अंधार. आता शहर वाढलंय म्हणतात. वाढलंय खरं, पाणी सोडून सगळंच वाढलंय. नळ सहाव्या दिवशी, तोही पाऊण तास, करंगळीएवढी धार. उजेड मात्र रोज, संध्याकाळी सात ते सकाळी सात, भरपूर दाबानं!

२९ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. काचबिंदू. उजवा गेल्या वर्षीच संपला. डाव्याचा घेर आणखी आवळलाय. मधलं स्वच्छ दिसतं, कडेचं नाही. उंबऱ्याला दोनदा ठेचकाळलो ते पद्मजाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, उरलेली नजर बहुधा टिकेल. "बहुधा" हा शब्द मी कोर्टात कारकुनी करताना चौतीस वर्षं ऐकला. त्याचा अर्थ मला चांगला कळतो. क्वचित उलटं होतं म्हणाले, उरलेलंही जातं. पण काहीच केलं नाही तर जाणार हे नक्की. त्यांनी अकरा एप्रिल दिली. मी बारा मे मागितली.

"आजोबा, एवढं काय अडलंय?"

सहा मेची अमावास्या अडलीय असं सांगितलं असतं तर त्यांनी मला वेगळ्याच डॉक्टरांकडं पाठवलं असतं. म्हटलं, घरात कार्य आहे.

३० मार्च

लिहून ठेवतो. पुढं लिहिता येईल न येईल.

त्र्याहत्तर सालचा एप्रिल. मोठा दुष्काळ. कन्नडजवळ दुष्काळी कामावर रस्ता चालला होता आणि मी तिथं हजेरी कारकून, वय एकवीस. पाच-सहाशे माणसं खडी फोडायची, मी नावं लिहायचो. ओव्हरसीअर साहेबांकडं रस्त्याची आखणी करायची दुर्बीण होती, तिपाईवरची. एका रात्री त्यांनी ती दक्षिणेकडं फिरवली आणि म्हणाले, "बघ." एक धुरकट ठिपका. कापसाचं बोंड उकलल्यासारखा.

"हा नरतुरंगातला ओमेगा. डाग नाही हा, व्यंकट. लाखो तारे आहेत, एका जागी गोळा झालेले. मोठ्या दुर्बिणीतून सुटे सुटे दिसतात म्हणे."

"तुम्ही बघितलेत?"

"छे रे. आपल्याला कोण देतं मोठी दुर्बीण!"

त्रेचाळीस वर्षं झाली. दर एप्रिलला म्हणायचो, पुढच्या वर्षी. नोकरी, घर, मुलाचं शिक्षण, मुलाचं लग्न. मग निवृत्त झालो, आणि डोळ्याचं कळलं तेव्हा दुर्बिणीचा आरसा घरीच घासायला घेतला. सहा इंची. काचेवर काच, मधे पूड, चौदा महिने. नजर कमी पडली तिथं बोटांनी बघितलं. पुण्याहून मुलामा चढवून आलाय, देवघरात ठेवलाय. नळी तेवढी राहिलीय.

ओमेगा इथून दक्षिणेला जेमतेम वीतभर वर येतो, फक्त या दिवसांत, आणि तासा-दोन तासांत खाली जातो. आणि त्या वितीच्या बरोब्बर खाली काय? सर्जेरावांचे फोकस.

२ एप्रिल

प्रतिवादीकडं समक्ष गेलो. चहा झाला. सर्जेरावांच्या आशाबाईंनी लाडू ठेवले. मी मुद्दा मांडला: फोकस खाली वळवावेत, किंवा रात्री दहाला बंद करावेत, किंवा निदान त्यांना टोप्या घालाव्यात.

सर्जेरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, राग मानू नका. शेंद्र्याला वीस वर्सं मी रातच्याला दारं धरली. लाईट यायची रात्री बाराला. एका हातात फावडं, तोंडात बॅटरी, आन् पायाखाली काय वळवळतंय ते दिसायचं नाय. माझा धाकटा भाऊ तसाच गेला, जनावराचं पान लागून. तवा म्या ठरवलं, एक दिवस असा उजेड लावीन की मुंगीबी दिसली पायजे. आन् तुमी म्हणता टोप्या घाला?"

लाडू खाल्ला आणि परत आलो. खटला बाहेर मिटला नाही.

५ एप्रिल

प्रतिवादी क्रमांक दोन: आमच्या फाटकासमोरचा रस्त्यावरचा दिवा. वॉर्ड ऑफिसला अर्ज घेऊन गेलो. तीन प्रती, सोबत नकाशा. कारकून पोरगेलासा.

"काका, दिवा लावायचा अर्ज असतो. बंद पडला तर चालू करायचा असतो. चालू आहे तो बंद करायचा नसतो."

"मग मी कुठल्या नमुन्यात देऊ?"

"नमुनाच नाही ना काका."

नमुना नाही म्हणजे गरजच अस्तित्वात नाही! मी स्वतः चौतीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो. आज पहिल्यांदा खिडकीच्या या बाजूनं ऐकलं. फार वाईट लागतं. अर्ज तरी ठेवून घ्या म्हटलं. त्यानं "तक्रार – पथदिवा" असा शेरा मारून ठेवून घेतला.

८ एप्रिल, पाडवा

आयुष्यात पहिल्यांदा सरकारी काम तीन दिवसांत झालं. शिडीची गाडी आली. पिवळा मिणमिणता दिवा काढला, नवा पांढरा लावला. तिप्पट! मोबाईलवर निरोप: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.

पद्मजा गुढीमागं तोंड लपवून हसत होती.

१२ एप्रिल

स्वावलंबन! मंडपवाल्याकडून कनात आणली आणि अंगणाच्या दक्षिणेला बांधली. उजेड अडला नाही, उलट लाल-पिवळा होऊन आत आला. त्यात संध्याकाळी तात्यासाहेब, म्हणजे कॉलनीचे अध्यक्ष, हजर. पांढरा सदरा. चपला फाटकाबाहेर काढल्या, बैठकीत येऊन खाली मान घालून बसले. दहा मिनिटं एक शब्द नाही. पद्मजानं पाणी आणून दिलं, तर तिच्याकडं बघून सुस्कारा टाकला.

मग मी आतून आलो. तात्यासाहेब ताडकन उठले! कनात बघून माझंच समजून आले होते.

"नाही, म्हणजे... तुमच्या डोळ्याचं ऐकलं होतं," म्हणाले. डोळ्यानं माणूस जातो होय?

कनात परत केली.

१४ एप्रिल

परिपत्रक काढलं. विषय: काळोखाचे संरक्षण. बावीस प्रती, बावीस घरं. आकाश हा सार्वजनिक ठेवा आहे, सबब अनावश्यक दिवे रात्री दहानंतर मालवावेत, वगैरे. भाषा सौम्य ठेवलीय. फक्त एका ठिकाणी "उजेडाचा माज" असं आलंय.

एका प्रतीत संध्याकाळी भेळ बघितली.

१७ एप्रिल

कचरू आला. कचरू बोअरच्या मोटारी दुरुस्त करतो, आमच्या नळाचंही तोच बघतो. दिवसा बेचाळीस डिग्री, म्हणून दिवेलागणीनंतर आला. हातगाडीवर आठ इंची केसिंगचा पाईप, पाच फूट, आणि काळी ताडपत्री, बांबू, पहार.

"साहेब, पाचशे फूट बोअर मारला व्हता, त्याचा पाईप हाय ह्यो. नुसता फुफाटा निघाला. आता तुमी याचं तोंड वर करा. वर तरी काई लागंल."

रात्री अकरापर्यंत बांबूंसाठी खड्डे घेत होतो. खाली मुरूम, पहार ठणठण वाजत होती. बारा फूट उंच ताडपत्री, तीन बाजूंनी. आत उभं राहिलं की फोकस दिसत नाहीत! पण खांबावरचा दिवा वरून डोकावतोच, आणि आभाळाचा खालचा भाग दुधात पाणी घातल्यासारखा. नुसत्या आडोशानं भागणार नाही. उजेड मुळातच विझायला हवा.

पद्मजाला सांगितलं. हेही सांगितलं की सहा मेला जमलं नाही तर मग नाही. ती पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

१९ एप्रिल

घरी चैत्रातलं हळदीकुंकू. टँकरच्या पाण्याचं पन्हं. मला गच्चीवर हाकललं.

२२ एप्रिल

चमत्कार! खांबावरच्या नव्या दिव्याला कुणीतरी पोतं बांधलंय. मी नाही! माझ्या गुडघ्यांची शपथ.

२४ एप्रिल, रविवार

परिपत्रकाचा परिणाम होतोय. जपून लिहितो, पण होतोय. समोरच्यांचा जिन्यातला दिवा दहाला बंद. कोपऱ्यावरच्या घरातला, वर्षभर लुकलुकणारा लग्नातला तोरणदिवा, बंद! आशाबाईंनी धपाटे पाठवले. तात्यासाहेब रस्त्यात भेटले, हात दाबला, हळूच म्हणाले, "चालू द्या तुमचं काम. आम्ही आहोत."

डोळ्यांत पाणी आलं. लोक वाईट नसतात. त्यांना कुणी नीट समजावून सांगत नाही, एवढंच. चौतीस वर्षं मी लोकांबद्दल फार कडवट मत करून घेतलं होतं. परिपत्रकाची भाषा चांगली साधली होती हेही खरं.

पद्मजाला म्हटलं, "बघ, विज्ञानाची गोडी लागते माणसाला."

"लागते हो," म्हणाली, आणि भाजी निवडत राहिली.

२७ एप्रिल

गोडी! कपाळ माझं!

रात्री सर्जेराव आले. मागच्या बाजूनं, रिकाम्या प्लॉटमधून, चपला हातात घेऊन. आपल्या घरचे फोकस बंद करूनच आले होते. चारही! मी स्वागताला दोन पावलं पुढं झालो, तर कानाशी येऊन म्हणाले, "किती फूट झालं?"

"कशाचं?"

"साहेब, माझ्यापासून काय लपवता? केसिंग आलं, पहार वाजली, ताडपत्री लागली. आन् कचरू काय तुमच्याकडं सत्यनारायणाला येतो व्हय?"

बोअर! सगळी कॉलनी समजतीय की मी बोअर घेतोय! यंदा नवीन बोअरला बंदी आहे, तपासणीची पथकं फिरतायत, म्हणून चोरून, रात्रीचा, ताडपत्रीच्या आड! आणि त्या पुण्यकर्माला कुणाची नजर लागू नये म्हणून बावीस घरांनी दिवे मालवलेत. पोतं तात्यासाहेबांनी बांधून घेतलं. परिपत्रक कुणी वाचलंच नव्हतं. आशाबाईंच्या धपाट्यांचा हेतूही कळला: सर्जेरावांना अर्ध्या इंचाचं कनेक्शन हवंय.

मी म्हटलं, "सर्जेराव, देवाशपथ सांगतो, दुर्बीण आहे." आत नेलं, आरसा दाखवला, नळी दाखवली, पाटावर ओमेगाचा नकाशा काढून दाखवला. त्यांनी सगळं मन लावून बघितलं. आरशात मिशा सारख्या केल्या. मग माझी पाठ थोपटली.

"लई भारी. पथक आलं तर हेच दाखवा!"

२८ एप्रिल

झोप नाही. आयुष्यभर खोट्या प्रतिज्ञापत्रांवर शिक्के मारले, पण त्या डॉक्टरांचं सोडलं तर स्वतः एक खोटं बोललो नाही. आज सकाळी तात्यासाहेबांकडं गेलो आणि स्वच्छ सांगितलं, बोअर नाही, तारे बघायचेत. ते हसून हसून बेजार. "काय डोकं आहे हो तुमचं! तारे!" मग दार लावून घेऊन म्हणाले, "गोडं लागू दे म्हणजे झालं. मचूळ नको."

आणखी चार घरी सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिचकावले. मी जितकं खरं बोलतो तितका त्यांचा विश्वास वाढतो!

पद्मजा म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत ना? मग तुमची जबाबदारी संपली. मानायचं की नाही हा त्यांचा प्रश्न."

कायद्यानं बरोबर आहे. लोकांच्या घरात मात्र हंडे पालथे आहेत, आणि ते माझ्या अंगणाकडं आशेनं बघतायत.

पण अंधार काय सुंदर झालाय!

३ मे

पथक आलंच. शेजारच्या कॉलनीतून कुणीतरी कळवलं. दोन माणसं, एक साहेब, एक जीप. साहेब तिशीचा, घामानं डबडबलेला. ताडपत्री बाजूला सारली आणि पाईपकडं बोट दाखवून म्हणाला, "हे काय?"

"दुर्बीण."

"केसिंग पाईप आहे हा."

"होता."

पंचनामा सुरू झाला. काय ती भाषा! दिनांक नाही, चतुःसीमा नाही, पंचांची वयं नाहीत. मला राहवेना. म्हटलं, "लिहा, मी सांगतो." त्यानं बापड्यानं लिहिला. "सदर जागी पाहणी केली असता जमिनीत कोणतेही छिद्र, बांबूचे सहा खड्डे वगळता, आढळून आले नाही. सदर पाईप आतून पोकळ असून त्याच्या तळाशी आरसा आहे. पाईप जमिनीत न जाता आभाळाकडे रोखलेला आढळून आला. पाणी मिळून आले नाही." कोर्टात टिकेल असा पंचनामा या शहरात कित्येक वर्षांत झाला नसेल. साहेबानं फोटो काढून घेतला, नमुना म्हणून. जाताना विचारलं, "यातून खरंच काही दिसतं?" शुक्रवारी या म्हटलं. बघतो म्हणाला.

जीप वळली मात्र, सगळ्या गच्च्यांवर लोक! तात्यासाहेब तर अंगठा वर करून उभे. "पथकसुद्धा परत पाठवलं व्यंकटरावांनी!" आता ब्रह्मदेव आला तरी बोअर नाही असं कुणाला पटणार नाही.

५ मे

डाव्या डोळ्यासमोर दुपारी धुकं आलं. अर्धा तास. गेलं. पद्मजाला सांगितलं नाही. भीती वाटते. एकच दिवस दे रे बाबा. एकच!

६ मे, अमावास्या

हे रात्री दोन वाजता लिहितोय. ओळी वाकड्या गेल्या तर जाऊ देत.

साडेनऊपासून एकेक दिवा गेला. समोरचा, कोपऱ्यावरचा, तात्यासाहेबांचा. दहाला सर्जेरावांचे चारही. सगळे गच्च्यांवर चटया टाकून बसले होते, कारण आज पाणी लागणार अशी वार्ता होती. पोरांना गप्प केलेलं. पंचवीस वर्षांत या कॉलनीत इतकी शांतता मी ऐकली नव्हती. वर बघितलं तर आभाळ खाली आलेलं! दुष्काळी आभाळ, ढगाचा टिपूस नाही. तेच, कन्नडचं.

पद्मजानं हात धरून स्टुलावर बसवलं. नळी फिरवली. माझ्या डोळ्याचं वर्तुळ एवढंसं, दुर्बिणीचं वर्तुळ एवढंसं, दोन्ही एकमेकांवर बसेनात. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं. नळी उगाच पुढंमागं ढकलायला लागलो. पद्मजा म्हणाली, "सावकाश. तो कुठं पळून जात नाही."

आणि मग आला.

ठिपका नव्हे. डाग नव्हे. साखर! काळ्या घोंगडीवर ओंजळभर साखर सांडावी, मधोमध ढीग आणि कडेला एकेक दाणा वेगळा, तसे. सुटे! सुटे सुटे! ओव्हरसीअर साहेब, सुटे आहेत हो! मी रडलो. लाज नाही वाटत लिहायला. मोठ्यानं रडलो आणि ओरडलो, "दिसले! दिसले!"

आणि गच्च्यांवरून आरोळी उठली, "लागलं! लागलं!" कुणीतरी थाळी वाजवली. सर्जेराव "हर हर महादेव!" ओरडले.

मग पद्मजानं बघितलं. बराच वेळ. म्हणाली, "चौदा महिने घासत होतात ते हे होय." मी पुन्हा बघितलं, तो ताडपत्रीच्या काठाआड जाईपर्यंत. साडेबारा झाले होते.

आज मेलो तरी चालेल असं लोक म्हणतात. मला नाही तसं वाटत. मला उद्या पुन्हा बघायचंय.

७ मे

सकाळी सहाला फाटकापुढं रांग. हंडे, कळश्या, घागरी, एक पाळण्याएवढं पातेलं. सर्वांत पुढं सर्जेराव, खांद्यावर अर्ध्या इंची पाईपची गुंडाळी.

ताडपत्री सोडली, सगळ्यांना आत घेतलं, खड्डे दाखवले. या वेळी डोळा मिचकावायला जागाच नव्हती. मग तात्यासाहेब म्हणाले, "म्हणजे आम्ही पंधरा दिवस अंधारात डास मारत बसलो ते तारे बघायला?"

"मी सांगितलं होतं तुम्हाला. घरी येऊन."

"सांगितलं होतं, पण अशा तऱ्हेनं सांगितलं की कुणाचा विश्वास बसू नये!"

सर्जेराव पाईपची गुंडाळी उचलून गेले. आशाबाई म्हणाल्या, "टाकी घासून ठिवली व्हती हो आम्ही." ते फार लागलं.

संध्याकाळचे सात वाजले. सहा फोकस. दोन वाढवले.

९ मे, आखिती

पोतं निघालं. तोरणदिवा परत लुकलुकतोय. आमच्याशी कुणी बोलत नाही. पद्मजा मात्र रोज आशाबाईंकडं जाऊन बसते. हिचं कसं जमतं कोण जाणे.

११ मे

उद्या ऑपरेशन. पिशवी भरली.

संध्याकाळी सर्जेराव आले. या वेळी पुढच्या दारानं. एक घागर पाणी घेऊन! त्यांच्याकडं टँकर आला होता. घागर ठेवली, म्हणाले, "उद्या डोळा कापणार म्हंत्यात?" म्हटलं हो. मग म्हणाले, "दाखवा तरी, काय व्हतं त्यात येवढं."

ओमेगा त्यांच्याच फोकसांच्या उजेडात बुडालेला. गुरू लावून दिला, तो भर उजेडातही दिसतो. एका रेषेत त्याचे चार चंद्र. सर्जेराव बघत राहिले.

"त्यानंबी चारच लावलेत की!"

खूप दिवसांनी दोघं मिळून हसलो. म्हटलं, मग तुम्हीही चारावर या. म्हणाले, "बघू. पयले तुमी बरं व्हऊन या."

२ जुलै

अक्षर बदललंय. मी पद्मजा. हे सांगणार आणि मी लिहिणार असं ठरलंय. डावा डोळाही गेला. उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

आज ते निजल्यावर मागची सगळी पानं वाचली. बोअरचं आशाबाईंच्या कानात मीच घातलं होतं, हळदीकुंकवाला, कुणाला न सांगायची शपथ घालून. हे त्यांना वाचून दाखवणार नाही.

काल संध्याकाळी मागं बसलो होतो. सात वाजले आणि हे एकदम दक्षिणेकडं वळून म्हणाले, "लागले! पद्मजा, सर्जेरावांचे लागले! दिसले मला!" केवढा आनंद झाला होता त्यांना. अर्धा तास तिकडंच तोंड करून बसले.

सकाळी मी सर्जेरावांकडं गेले. मला बघताच म्हणाले, "ताई, साहेबांना लई तरास दिला म्या. उद्याच सगळे काढतो." मी हात जोडले. म्हटलं, एकही काढू नका.